वेनांची तार

सरोवरदेवाच्या जत्रेत पुढच्या रांगेत बसणारी म्हातारी माणसं नाटक बघायला येत नाहीत, टपून बसायला येतात. बांबूच्या खुर्च्या, काचेच्या बरणीत चहा, मांडीवर कलिंगडाच्या बिया. नायिका रडते, सावकार मरतो, राजा वेश पालटून येतो, यांच्या बिया आपल्या फुटतच असतात. पण कोरडं गाणं संपत आलं की अख्ख्या मैदानात एक बी फुटत नाही.

कोरडं गाणं म्हणजे नुसत्या चिपळ्यांवरचं. संतूर थांबतं, बासरी थांबते, गजाने वाजवायचा दोन तारांचा एरहूसुद्धा थांबतो, आणि गाणारी बाई एकटी पुढे चालत राहते. शेवटच्या शब्दावर एरहू तिला येऊन मिळतो. तेवढ्या वेळात तिचा सूर जागेवर राहिला असेल तर दोघं एक होतात. घसरला असेल तर तार एकीकडे, गळा दुसरीकडे, आणि ते शेंबड्या पोरालाही कळतं. मग म्हातारे गळा ताणून 'वाऽऽहवा!' ओरडतात. त्या वाहवेएवढी घाण शिवी सरोवराच्या काठावर दुसरी नाही.

बाकीच्या नाटक मंडळ्यांतले एरहूवाले समजूतदार असतात. बाई घसरली तर तेही बोट जरा खाली सरकवतात आणि तिला झाकून घेतात. वेन घराण्यात तसलं चालत नव्हतं. वेन परत यायचे ते बोट न लावता, मोकळ्या तारेवर. बोटाला खोटं बोलता येतं, मोकळ्या तारेला येत नाही. तार लावली तिथेच ती वाजणार, मग गाणारी तरो की बुडो. 'वेनांच्या तारेवर गायलेली' म्हटलं की बाईचं नाव होत असे, आणि ज्यांचं होऊ शकलं नाही त्यांची नावं कुणाला आठवत नाहीत. एक सोडून.

ते नाव छायफेन. याच देवळापुढे, याच दगडी रंगमंचावर ती कोरड्या गाण्यात घसरली होती, आणि आज एरहूवर बसणाऱ्या लानशिनच्या बाबांनी, वेन बोताओंनी, तिच्या तोंडावर मोकळी तार ओढली होती. मैदान हसून लोळलं. छायफेन पुन्हा गायली नाही. रेशमाच्या गिरणीत उकळत्या पाण्यातून कोश काढत तिने जन्म काढला. ही गोष्ट बोताओंच्या थोरवीची म्हणून सांगितली जाई, आणि लहानपणी लानशिनही ती मिटक्या मारत ऐकत असे. आता नव्हती ऐकवत.

कारण छायफेनची धाकटी बहीण, छायचूमावशी, आज आत रंगपटात बसली होती आणि तिच्या अंगात ताप होता.

"मावशी, घसा दाखवा," लानशिन म्हणाली.

"तू काय गुरांची डॉक्टर? जा, तारा लाव." छायचूमावशीने आरशातूनच तिला झटकलं. साठीची बाई, तोंडाला पांढरा रंग, भुवया अजून काढायच्या होत्या. बोलताना आवाज मध्येच फाटत होता, जुनं कापड फाटावं तसा.

"आज सगळ्यांनीच सूर थोडा खाली घेऊ या. संतूरही उतरवू. पेईझेनला सांगते, अजून वेळ आहे."

मावशीने ब्रश खाली ठेवला. "काय म्हणालीस?"

"कुणाला कळणार नाही."

"मी मेले की उतरव. तिरडीवर गायला लावू नको म्हणजे झालं." मग ती जरा नरमली. "हे बघ पोरी, तुझ्या बापाच्या तारेवर मी उभा जन्म गायले. माझ्या बहिणीचं झालं ते झालं. चूक तिची होती, घसरली ती. मी घसरले नाही, म्हणून मी छायचू. आज ताप आला म्हणून मी दुसरी कुणी होऊ?"

दाराशी काठी वाजली. बोताओ केव्हा येऊन उभे राहिले होते कोण जाणे. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून तो हात सतत थरथरत असे. गज धरणं सुटलं होतं. म्हणूनच तर आज पहिल्यांदा, सरोवराकाठच्या सगळ्या गावांसमोर, मुख्य एरहूच्या जागेवर लानशिन बसणार होती. अर्धं वर्ष त्यांनी तिला समोर बसवून घोटून घेतलं होतं. मनगट, मनगट, खांदा पाड, असं दिवसभर चालायचं.

"कोण उतरवायचं म्हणतंय?" त्यांनी विचारलं.

"मी," लानशिन म्हणाली. "मावशींना ताप आहे, बाबा."

"ताप उतरतो. तार नाही उतरत." ते आत आले नाहीत, उंबऱ्यावरूनच बोलले. "वेनांची तार गाणाऱ्यासाठी खाली आली तर तो एरहू चुलीत घाल, आणि वर माझ्यासाठी चहा ठेव. पिऊन मी घरी जाईन. मुलगी नव्हती मला, असं समजेन."

"ऐकलंस?" छायचूमावशी म्हणाली आणि भुवई काढायला लागली. तिचा हात स्थिर होता. तिच्या कानामागून घामाचा ओघळ मात्र रंग कापत खाली आला होता.

लानशिन गुपचूप बाहेर आली. रंगमंचाच्या डाव्या खांबाशी वादकांची जागा. गेंगकाका ढोलकं आणि चिपळ्या घेऊन बसले होते. सगळा ताफा त्यांच्या काठीच्या इशाऱ्यावर चाले. छायफेन घसरली त्या दिवशीही चिपळ्या त्यांच्याच हातात होत्या. शेजारी संतूरवर पेईझेन, लानशिनच्याच वयाची, तोंडाळ.

"काय म्हणते म्हातारी?" पेईझेनने विचारलं.

"गाणार म्हणते."

"गाईल की. खाटेला खिळली तरी गाईल ती. तुझं तोंड का असं, सासरी निघाल्यासारखं?"

लानशिनने एरहू मांडीवर घेतला, पेईझेनने संतूरवर सूर दिला, तिने बाहेरची तार त्याला मिळवली, मग आतली. सरोवरावरून दमट वारा येत होता, खुंट्या फुगून घट्ट झाल्या होत्या. समोर पुढच्या रांगेत बाबा बसले. शेजारच्या आजोबांनी त्यांना उकडलेले शिंगाडे दिले, ते त्यांनी डाव्या हाताने घेतले.

नाटक होतं हरवलेल्या लेकीला शोधत फिरणाऱ्या आईचं. पहिले काही प्रवेश निभावले. छायचूमावशीचा गळा जिथे जिथे पातळ व्हायचा तिथे लानशिन गज भरून ओढायची, आणि फट दिसायच्या आत बुजवायची. एरहूवाल्याचं अर्धं आयुष्य याच कामात जातं, त्यात लाज नाही. बोताओही ते करत. पण नदीकाठचा प्रवेश जवळ येत होता. त्यात आई नावाड्याला आपलं गाऱ्हाणं सांगते. ते सगळं कोरडं, आणि लांब इतकं की धडधाकट बाईलाही धाप लागावी.

मावशी पुढे आली. नावाडी वल्ह्यावर टेकून उभा राहिला. गेंगकाकांनी काठी उचलली आणि सगळी वाद्यं थांबली.

टक. टक. टक.

"ऐक रे दादा, ऐक रे नावाड्या..." मावशीने सुरुवात केली.

लानशिनने डोळे मिटले आणि मूळ सूर मनात धरून ठेवला. हे घरचं शिक्षण होतं. लहानपणी बाबा सकाळी एकदाच तार ओढायचे आणि दुपारी जेवताना अचानक विचारायचे, बोल, कुठे होती? चुकलं की भात गार होईपर्यंत जेवायचं नाही. त्यामुळे तो सूर तिच्यात खिळ्यासारखा बसला होता. मावशीचा गळा त्या खिळ्याला धरून चालला होता, दोन ओळी, चार ओळी. मग जरासा सुटला.

लानशिनला वाटलं, सावरेल. मावशी श्वास घेत होती तो ऐकू येत होता, चाळणीतून वारा जावा तसा. गाण्यात आई सांगत होती की पोरगी अमुक रंगाचा सदरा घालून गेली, तिला तिखट चालत नाही, झोपेत ती पाय झाडते. लोक रडत होते. बायका पदराने नव्हे तर बाहीने डोळे पुसत होत्या. आणि सूर प्रत्येक ओळीला केसाकेसाने खाली येत होता. रडणाऱ्यांना ते कळत नव्हतं, कारण शेजारी धरून बघायला काही नव्हतंच. कळणार होतं ते लानशिनने गज ओढल्यावर. सांगणारी लानशिनच होती.

तिने डोळे उघडून मावशीकडे बघितलं. मावशी नावाड्याकडे बघत होती. पाठमोरी, कणा ताठ. तिला कळलं होतं का? कळलं असणारच. तीस वर्षं ज्या बाईने तार पकडून ठेवली तिला हात सुटल्याचं कळणार नाही, असं कसं होईल? तिच्या पाठीमागे धरलेल्या हातांची बोटं एकमेकांत इतकी घट्ट अडकली होती की नखं पांढरी पडली होती. बहिणीला जे याच फरशीवर झालं ते आता आपल्याला होणार, हे ती जाणून होती आणि तरी गात होती. थांबता येत नव्हतं.

लानशिनला राग आला. बापाचा आला, मैदानाचा आला, बिया फोडणाऱ्या त्या सगळ्या दातांचा आला. आणि रागाच्या भरातच तिचा डावा हात खुंटीवर गेला.

गेंगकाकांनी ते पाहिलं.

त्यांनी मान हलवली नाही, डोळे वटारले नाहीत. टक, टक, चालूच. लानशिनने खुंटी पिळली आणि फुगलेलं लाकूड कुरकुरलं. ते तिला देवळाच्या घंटेएवढं मोठं ऐकू आलं. तिने पुढच्या रांगेकडे पाहिलं. बाबांचे डोळे मिटलेले होते. कोरडं गाणं ते नेहमी डोळे मिटून ऐकत. पुढच्या ठोक्याला गेंगकाकांनी चिपळी जरा जोरात मारली. लानशिन समजली. तिने त्याच ठोक्यावर खुंटी पिळली, आणि कुरकुर चिपळीखाली गेली. मग तसंच करत राहिली. ठोका, पीळ. ठोका, पीळ. मधल्या जागेत करंगळीने तार हलकेच छेडायची, स्वतःच्या मांडीपुरतीच, आणि मावशीच्या गळ्याशी ताडून बघायची. अजून खाली. अजून जरा.

बाहेरची तार लागली. आतली पिळताना खुंटी एकदम सटकली आणि तार ढिली पडली. गाऱ्हाण्याच्या तीनचार ओळीच उरल्या होत्या. तिने खुंटी आत दाबली, वर चढवली, छेडली. जास्त झालं. उतरवली, छेडली. पेईझेन एव्हाना तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत होती. तिच्या हातातल्या काठ्या संतूरवर उचललेल्या होत्या, शेवटच्या शब्दावर एरहूबरोबर तीही पडायची होती. संतूरच्या तारा मूळ सुरातच होत्या. ती पडली असती तर सगळंच उघडं झालं असतं, आणि पहिल्यापेक्षा वाईट. लानशिन तिला काही सांगू शकत नव्हती, दोन्ही हात गुंतलेले.

तेव्हा गेंगकाकांनी डाव्या हातातली काठी ढोलक्यावर आडवी ठेवली. एरहू एकटा, बाकी गप्प. आयुष्यात त्यांनी या जागी हा इशारा कधी दिला नव्हता. पेईझेनने काठ्या मांडीवर ठेवल्या. बासरीवाल्याने बासरी खाली घेतली.

मैदानात बिया फुटायच्या थांबल्या.

मावशीने शेवटचा श्वास घेतला. "कुठे शोधू तुला, माझ्या..." आणि मग तो शब्द, उंच, एकटा, "पोरीऽऽ", आणि त्याच्या पोटात लानशिनने मोकळी तार ओढली.

मिळाली. कुठे गळा संपतो आणि कुठे तार सुरू होते ते सांगता येणार नाही, अशी मिळाली. उतरलेल्या तारेचा आवाज एरवीपेक्षा खोल होता, एरहूच्या कातड्यातून नव्हे तर विहिरीतून यावा तसा. मावशीची पाठ क्षणभर दचकली. मग तिने तार पकडली आणि ती जी सुटली, ती प्रवेशातलं उरलेलं सगळं गाणं एकट्या एरहूवर एखाद्या पंचविशीतल्या बाईसारखी गायली. 'वाहवा' उठली. आखूड, खरी, माणसं उभी राहून दिलेली. एका म्हाताऱ्याच्या मांडीवरच्या बिया सगळ्या खाली सांडल्या.

प्रवेशाबरोबर पहिला अंकही संपला. पडदा पडताच छायचूमावशीने वादकांच्या खांबाशी येऊन लानशिनचं मनगट धरलं. हात भाजत होता.

"किती उतरवलीस?"

"मावशी, तुम्ही बसा आधी."

"किती?"

"अर्ध्या सुराहून थोडी जास्त."

मावशी हसेल, रडेल, नाहीतर थोबाडीत देईल, असं लानशिनला वाटलं. तिने यातलं काही केलं नाही. ती सावकाश वाद्यांच्या पेटाऱ्यावर बसली. "माझी बहीण," ती म्हणाली, "याच्या निम्मीसुद्धा घसरली नव्हती."

तेवढ्यात लाकडी जिन्यावर काठी वाजायला लागली. एक एक पायरी. बाबा वर येत होते. गेंगकाका सिगारेट काढत होते, ते थांबले. पेईझेन म्हणाली, "आलं वादळ," आणि उगाच संतूरच्या मागे सरकली. लानशिनने एरहू छातीशी धरला. चुलीत घालायचा तर घाला, पण माफी मागणार नाही, असं तिने मनाशी ठरवलं. ती मावशीच्या पुढे जाऊन उभी राहिली.

बोताओ वर आले, धाप लागली होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ऐकलंत?" ते म्हणाले. "गेंग, ऐकलंस? जागच्या जागी! एवढं लांब कोरडं, आणि पोरीने मोकळी तार टाकली ती जागच्या जागी! आणि छायचू, तू काय बाई आहेस. अंगात ताप असून केसभर हलली नाहीस."

लानशिन वाट बघत राहिली. बाबांचं असंच असे. आधी कौतुक करायचं, मग त्याच कौतुकात सुरी फिरवायची. सुरी कुठे येते ते ती बघत होती.

"ओढ पुन्हा," बाबा म्हणाले. "मोकळ्या तारा ओढ. ऐकू दे मला एकदा जवळून."

आली सुरी, असं तिला वाटलं. तिने गज ओढला. पेईझेनचा हात सवयीने संतूरवर गेला आणि तिने मूळ सूर दिला. दोन्ही आवाज एकमेकांवर आपटले. बासरीवाल्याने तोंड वाकडं केलं, पेईझेनने घाबरून तार हाताने दाबली. इतकं बेसूर की खाली शिंगाडे विकणारी बाईसुद्धा वर बघायला लागली.

बोताओ मात्र मान डोलावत होते. डोळे मिटून, संथ. "हाच," ते म्हणाले. "माझ्या आज्ज्याचा सूर. हाच."

गेंगकाका जमिनीकडे बघत होते. लानशिनने बाबांच्या चेहऱ्यात थट्टा शोधली, राग शोधला, काहीतरी सापडावं म्हणून शोधत राहिली. तिथे नुसता आनंद होता. वारं नुसतं हातावरून गेलं नव्हतं, कानावरूनही गेलं होतं, आणि ते त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. ज्या कानापुढे सरोवराकाठच्या साऱ्या बायका उभा जन्म कापत गायल्या, तो कान केव्हाच विझला होता. तिला ओरडावंसं वाटलं, बाबा, शिव्या द्या मला.

आधी भान आलं ते छायचूमावशीला. ती पेटाऱ्यावरून उठली, लानशिनच्या खांद्यावर हात टेकून पुढे झाली.

"हाच हो, बोताओदादा," ती म्हणाली. "वेनांची तार कुठे उतरते!"

तिचा आवाज पार फाटला होता. पण शब्द तिने असे उच्चारले की त्यात टोमणा शोधूनही सापडला नसता. सूड घ्यायचा असता तर नुसतं खरं बोलणं पुरे होतं. लानशिनने मान फिरवून डोळे पुसले.

"चला, मग माझं काम झालं," बाबा म्हणाले. त्यांनी थरथरत्या हाताने लेकीच्या गालाला हात लावला, जे त्यांनी ती लहान असतानाही कधी केलं नव्हतं, आणि काठी टेकत ते खाली गेले.

दुसऱ्या अंकाची घंटा झाली. सगळे आपापल्या जागी बसले. पेईझेनने हळूच सूर दिला, यावेळी विचारून, आणि लानशिनने तारा पुन्हा वर चढवल्या. बाहेरची चढली, आतली चढली. मग गज उचलला, आणि लहानपणापासूनच्या सवयीने, बरोबर आहे का हे विचारायला, तिने पुढच्या रांगेकडे पाहिलं.

बाबांनी हसून मान डोलावली. बरोबर आहे.

तिने अजून गज ओढलाच नव्हता.